रेडिओ आणि उजेड यांच्यामधली लहर

आपल्या नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, पश्चिम टोकाला भंडारदरा आहे. तिकडच्या घाटवाटांनी गाडी वळणे घेऊ लागली की एफएम रेडिओ खरखरू लागतो. एखादा डोंगर आडवा आला की गाणे अर्ध्यावर तुटते. मध्यम लहरींवरचे केंद्र मात्र त्याच दरीत, थोडे कुरकुरत का होईना, ऐकू येत राहते. कारण साधे आहे. मध्यम लहरींची एकेक लाट काहीशे मीटर लांब असते, ती डोंगराला वळसा घालू शकते. एफएमची लाट सुमारे तीन मीटरची. कळसूबाईच्या रांगेला वळसा घालणे तिला जमत नाही. ती जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि दगडावर आपटते.

ही झाली शिडीची खालची पायरी. वर चढत जा. मोबाइलची लाट वीतभर किंवा तिच्या आगेमागे. चुलीची धग म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या आखूड लाटा. आणि पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याची झाडे ज्या काजव्यांनी लखलखतात, त्यांच्या उजेडाची लाट मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी. रेडिओ, धग, उजेड, सगळे एकाच जातीचे. फरक फक्त लाटेच्या लांबीचा.

या शिडीला मधे एक पायरी आहे. तिच्यावर माणसाने अगदी अलीकडे पाय ठेवला. सुमारे तीन मिलिमीटरपासून मिलिमीटरच्या तीन शतांश भागापर्यंतच्या या लाटा. त्यांना टेराहर्ट्झ लहरी म्हणतात. सेकंदाला एक लाख कोटी वेळा जी लहर हेलकावते, ती एक टेराहर्ट्झची. रेडिओच्या माणसांना ती फार वेगवान वाटते आणि उजेडाच्या माणसांना फार मंद. म्हणून बरीच वर्षे शास्त्रज्ञ या पट्ट्याला ‘टेराहर्ट्झची खिंड’ म्हणत आले.

मी कविता करणारा माणूस. बी.ए. झालो, भौतिकशास्त्राशी शाळेनंतर रीतसर संबंध आला नाही. तरी हा विषय मी बोलायला घेतला, कारण या लहरी ज्या दगडातून काढतात त्या दगडाची गोष्ट मला फार आवडली. ती सांगण्याआधी या लहरींचा उपयोग काय, ते सांगितले पाहिजे.

औषधाची गोळी घ्या. १९९८ साली एचआयव्हीवरच्या रिटोनाविर नावाच्या औषधाच्या कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. औषध बनावट नव्हते, भेसळही नव्हती. रेणू तोच होता. पण ते रेणू एकमेकांशेजारी नव्या पद्धतीने रचले जाऊ लागले, निराळा स्फटिक तयार झाला, आणि तो नीट विरघळेना. जे औषध विरघळत नाही ते रोग्याच्या रक्तात पुरेसे पोचत नाही. शब्द तेच, चाल बदलली, आणि गाणे पडले, असा प्रकार. रासायनिक तपासणीत अशी दोन रूपे ओळखणे अवघड, कारण रसायन एकच. टेराहर्ट्झ लहरी मात्र नेमके तेच पाहतात. स्फटिकात रेणू एकमेकांना धरून जो संथ थरथराट करतात, त्याची लय साधारण याच पट्ट्यात पडते. त्या लयीची लहर आली की स्फटिक ती शोषून घेतो, बाकीच्या पुढे जाऊ देतो. आलेल्या लहरींत काय गायब आहे ते पाहिले की स्फटिकाची ओळख पटते. यालाच वर्णपटमापन म्हणतात. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या रॅनिटिडिन या पित्तावरच्या औषधाची दोन स्फटिकरूपे अशा तऱ्हेने वेगळी ओळखता येतात, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. आरडीएक्स या स्फोटकाची खूण ०.८ टेराहर्ट्झच्या आसपास सापडते. या लहरी कागद, पुठ्ठा, कापड, प्लॅस्टिक यांच्या पार जातात, त्यामुळे पाकीट न फोडता आत काय आहे ते कळू शकते. आणि त्यांच्या एकेका कणातली ऊर्जा क्ष-किरणांच्या कणाच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी असल्याने त्या रेणू तोडत नाहीत.

वर्तमानपत्रांत मधूनमधून येते की या किरणांनी भिंतीपलीकडचे, शरीराच्या आतले, सगळे दिसेल. ते विसरा. धातूपुढे त्या थांबतात आणि पाण्यापुढे हात टेकतात. माणूस बहुतेक पाण्याचाच, त्यामुळे त्या कातडीच्या आत फारशा शिरत नाहीत. ओल्या हवेतही त्यांची दमछाक होते. पाण्याच्या वाफेच्या रेणूंना ०.५६, ०.७५, १.१ टेराहर्ट्झ अशा ठरावीक लयी प्रिय. त्या ते गिळून टाकतात. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत ग्रिश्कोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या पद्धतीने जी पहिली मोजमापे केली, त्यांत पाण्याची वाफच होती. प्रयोगशाळांमध्ये आजही हे यंत्र पेटीत बंद करून आत कोरडा नायट्रोजन सोडतात. घाटघरच्या आषाढातल्या धुक्यात ते उघडे ठेवले तर ते मुख्यतः धुकेच मोजत बसेल.

आता प्रश्न असा की ही पायरी इतकी वर्षे रिकामी का राहिली. रेडिओच्या पद्धतीने या लहरी काढायच्या तर तारेतली वीज सेकंदाला लाख कोटी वेळा मागेपुढे करावी लागेल. साध्या ट्रान्झिस्टरचा त्या वेगाला टिकाव लागत नाही. उजेडाच्या पद्धतीने काढायच्या तर इलेक्ट्रॉनने वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उडी मारली पाहिजे. पण ही पायरी इतकी बुटकी, की खोलीची साधी ऊबच इलेक्ट्रॉनांना सतत वरखाली करत राहते. भिंत, टेबल, तुम्ही, मी, आपण सगळेच या लहरी मंदपणे सोडत असतो. त्या गलबल्यात आपली एक नेमकी लहर उठवायची आणि तीच ऐकायची, हे काम अवघड.

या खिंडीच्या तोंडापर्यंत अगदी सुरुवातीला जे पोचले त्यांत एक भारतीय होता, हे इथे सांगायलाच हवे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्याला पाचेक मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. त्या काळी इतर बहुतेक लोक याहून पुष्कळ लांब लहरींशी खेळत होते. लहरी टिपण्यासाठी बोस यांनी गॅलेना नावाच्या खनिजाचा खडा वापरला, आणि १९०४ मध्ये त्यांना त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. अर्धवाहक उपकरणाचे जगातले पहिले पेटंट ते हेच, असे मानतात. हा गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. आमच्या घरांतल्या सुरमेदाणीत जो काळा चमकदार सुरमा असायचा, तो पुष्कळदा याच दगडाची पूड असे. शिशामुळे डॉक्टर आता तो मुलांच्या डोळ्यांत घालू नका म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण सुरम्याने नजर तेज होते असे म्हणणाऱ्या पिढ्यांना, त्याच दगडाने एका बंगाली माणसाने न दिसणाऱ्या लहरी पाहिल्या, हे कळते तर किती आनंद झाला असता.

अर्धवाहक म्हणजे असा पदार्थ, की जो एरवी वीज जवळजवळ अडवून धरतो आणि थोडे निमित्त मिळाले की वाहू देतो. ते निमित्त उजेडाचेही असू शकते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेव्हिड ऑस्टन यांनी १९७५ च्या सुमारास हेच निमित्त वापरले. त्यांची कल्पना समजायला भंडारदऱ्याचे धरण बरे पडते. प्रवरेवरचे हे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. भिंतीमागे पाणी दबा धरून बसलेले असते. मोरी उघडली की ते उसळून बाहेर येते आणि खाली अंब्रेला धबधब्याची छत्री उघडते. ऑस्टन यांच्या युक्तीत अर्धवाहकाच्या चकतीवर धातूच्या दोन पट्ट्या असतात, मधे केसाच्या जाडीहून कमी किंवा तेवढीच फट. पट्ट्यांना विजेचा दाब दिलेला, पण चकती वाहू देत नाही. ही झाली भिंत. मग त्या फटीवर लेसरचा एक ठिणगीएवढा झोत टाकायचा. तो किती क्षणभंगुर? सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाचाही दहावा हिस्सा. एवढ्या वेळात उजेड स्वतःसुद्धा मिलिमीटरचे तीन शतांशच चालतो. तो झोत पडताच चकतीतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, दाबाने धावत सुटतात, आणि वीज एकदम उसळली की तिच्यातून लहर निघतेच. ती लहर टेराहर्ट्झची.

ती ऐकायची कशी? तशाच दुसऱ्या चकतीने. फक्त तिला बाहेरून दाब द्यायचा नाही. लेसरचाच एक फाटा तिच्यावर टाकून तिचे दार उघडायचे आणि त्या क्षणी आलेली टेराहर्ट्झ लहरच इलेक्ट्रॉनांना ढकलेल, ते मोजायचे. मग एका आरशाला किंचित मागे सरकवून दार थोडे उशिरा उघडायचे, पुन्हा मोजायचे. असे करत करत पूर्ण लहरीचा आलेख हाती येतो. आरसा मिलिमीटरच्या सातव्या भागाइतका मागे घेतला की सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाचा उशीर होतो. वेळ मोजायला इथे घड्याळ नाही, पट्टी आहे. मला तर हे फारच सुंदर वाटते.

इथे खरी अडचण सुरू होते, आणि माझ्या आवडीचा दगडही इथेच येतो. दार झटकन उघडणे लेसरच्या हातात आहे, पण दार मिटणे दगडाच्या हातात आहे. सुटा झालेला इलेक्ट्रॉन परत जागेवर बसेपर्यंत दार उघडेच. ऐकणारे दार उघडे राहिले तर एका क्षणाची लहर पुढच्या क्षणाच्या लहरीत मिसळते आणि सगळे धूसर होते. लहरी सोडणारे दार उघडे राहिले तर वीज फुकट वाहत राहते, चकती तापते आणि शेवटी जळते. तेव्हा असा दगड हवा, की जो अंधारात वीज अजिबात गळू देत नाही, उजेडात पटकन वाहू देतो आणि लगेच मिटतो. निर्दोष स्फटिक हे करत नाही. त्यात इलेक्ट्रॉन मोकाट हिंडतो, अडखळायला त्याला जागाच नसते.

गॅलियम आणि आर्सेनिक यांचा स्फटिक, गॅलियम आर्सेनाइड, एरवी ६०० अंश सेल्सियसच्या आसपास निर्वात पेटीत एकेक थर चढवत वाढवतात. तेवढ्या उष्णतेत प्रत्येक अणूला आपली जागा शोधायला सवड मिळते. खडीसाखर सावकाश धरू दिली की कशी स्वच्छ धरते, तसे. अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास तो मुद्दाम २०० अंशांच्या जवळपास वाढवला गेला. थंडीत आर्सेनिकचे अणू जागा शोधायला हलत नाहीत, पडतील तिथे बसतात. काही तर गॅलियमच्याच खुर्चीत. असा शेकडा एखादा जास्तीचा आर्सेनिक अणू अडकून राहतो. नंतर चकती थोडी भाजली की त्यांचे बारीक पुंजके होतात. हा सगळा खटाटोप झाला होता ट्रान्झिस्टरमधली चुकार वीज अडवण्यासाठी. टेराहर्ट्झ कोणाच्या मनातही नव्हते. पण पुढे लक्षात आले की हे पुंजके आणि चुकीच्या खुर्चीतले अणू इलेक्ट्रॉनांना सापळ्यासारखे पकडतात, तेही सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या आत. हवे तसे दार मिळाले. तेव्हापासून कमी तापमानाचा गॅलियम आर्सेनाइड हा या क्षेत्रातला चलनी दगड आहे.

मात्र तो वाढवायला लागणारी निर्वात यंत्रे अतिशय महाग, आणि प्रत्येक खेपेला तापमान दहावीस अंशांनी हलले तरी दगडाचा स्वभाव बदलतो. या जागी आपल्या मुंबईतले काम मला मोलाचे वाटते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. एस. एस. प्रभू यांचा गट बरीच वर्षे टेराहर्ट्झवर काम करत आला आहे. त्यांनी उलट वाट धरली. बाजारात मिळणारा साधा गॅलियम आर्सेनाइड घ्यायचा आणि त्याच्यावर वेगाने फेकलेल्या कार्बन आयनांचा मारा करायचा. आयन वरच्या दोनेक मायक्रॉनपर्यंत घुसतात आणि वाटेत स्फटिकाची घडी मोडतात. म्हणजे आधी नीट वाढलेला स्फटिक घेऊन त्याला नंतर मोजून-मापून घायाळ करायचे. या कामात संस्थेतले अणुकेंद्राच्या भौतिकीतले लोकही सहभागी होते.

निकाल त्यांनी ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकात २०१४ मध्ये आणि ‘ऑप्टिक्स एक्सप्रेस’मध्ये २०१५ मध्ये दिले. पट्ट्यांमधली फट २५ मायक्रॉनची असताना साधी चकती सुमारे ३५ व्होल्टच्या पुढे तापून निकामी होई. मारा केलेली चकती १५० व्होल्टच्याही पुढे टिकली. आतून वाहणारी फुकट वीज दहा ते शंभर पटींनी घटली आणि जास्तीत जास्त मिळू शकणारी टेराहर्ट्झ शक्ती जवळजवळ शंभरपट झाली. मारा किती करायचा याचाही हिशेब त्यांनी मांडला. दर चौरस सेंटीमीटरला एक लाख कोटी आयनांपासून त्याच्या हजारपटीपर्यंत मात्रा वाढवत नेली, तशी इलेक्ट्रॉनच्या मोकळेपणाची मुदत उतरत गेली, ती सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या ०.५५ इतकी. मात्रा वाढवा, दार लवकर मिटेल, इतका सरळ कारभार. महागड्या यंत्रात नशिबावर हवाला ठेवण्यापेक्षा मला हा मार्ग अधिक कारागिराचा वाटतो.

पण एवढ्याने यंत्र टेबलावरून उचलून पिशवीत घालता येत नाही. त्याचे कारण लेसर. गॅलियम आर्सेनाइडमधला इलेक्ट्रॉन सोडवायला लाल किंवा लालच्या किंचित पलीकडचा उजेड लागतो. लाट ८७० नॅनोमीटरपेक्षा आखूडच हवी. असे क्षणिक झोत देणारा नावाजलेला लेसर टायटॅनियम घातलेल्या नीलमण्याचा. तो चालवायला दुसरा हिरवा लेसर, थंड ठेवायला पाणी, आणि धक्का लागू नये म्हणून पलंगाएवढे जड टेबल. खोलीत पंखा लावायचा तरी विचारून लावावा लागतो.

याउलट इंटरनेटच्या तारांमधून धावणाऱ्या उजेडाचे लेसर काचेच्या धाग्यातच बनतात. धाग्यात एर्बियम नावाचे मूलद्रव्य मिसळलेले असते. ते लहान, दणकट, त्यामानाने स्वस्त. जग दूरसंचारासाठी त्यांची साधनसामग्री पोत्याने बनवते. पण त्यांची लाट १५५० नॅनोमीटरची. ती गॅलियम आर्सेनाइडमधून खिडकीतून जावी तशी आरपार जाते, एकही इलेक्ट्रॉन उठत नाही. एक तोड अशी, की खास स्फटिकातून नेऊन ती लाट निम्मी, म्हणजे ७७५ नॅनोमीटरची करायची. त्यात बराच उजेड वाया जातो, पण जुना दगड वापरता येतो. कुलाब्याच्या घायाळ दगडालाही ही वाट मोकळी आहे.

दुसरी तोड म्हणजे दगडच बदलायचा. गॅलियम आर्सेनाइडमध्ये निम्म्याहून थोडे जास्त गॅलियम काढून त्या जागी इंडियम घातले की १५५० नॅनोमीटरच्या उजेडाने त्यातला इलेक्ट्रॉन सुटतो. मात्र जो थोड्या उजेडाने सुटतो, तो थोड्या उष्णतेनेही सुटतो. लेसर नसतानाच खोलीच्या उबेने वीज झिरपायला लागते. धरणच गळके झाले तर मोरी उघडून काय उसळणार? हा तिढा बरीच वर्षे पडून होता. बर्लिनच्या हेन्रिश हर्ट्झ संस्थेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये त्यावर चांगला उतारा दाखवला. हा पदार्थ त्यांनी कमी तापमानाला वाढवला, सुटे इलेक्ट्रॉन बांधून घ्यायला बेरिलियम मिसळले, आणि वीज अडवणाऱ्या दुसऱ्या पदार्थाचे काही नॅनोमीटर जाडीचे थर मधेमधे घातले. असे थरावर थर, पातळ पापुद्र्यांचे. सगळा उजेड धाग्यातूनच नेणारे टेराहर्ट्झ यंत्र त्यातून उभे राहिले. पुढे लोखंडाचे आणि ऱ्होडियमचे अणू मिसळूनही त्यांनी हाच हेतू साधला. आज धाग्याच्या टोकाला जोडलेली, मुठीत मावणारी टेराहर्ट्झ टोके बाजारात मिळतात, ती या घराण्यातली.

मुंबईचा मार्ग आणि बर्लिनचा मार्ग यांत कोणता वरचढ, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की यंत्र लहान करायचे तर बर्लिनचा दगड पुढे आहे. पण तो वाढवायला इंडियम फॉस्फाइडची चकती, थरांची अचूक रचना आणि वर्षांचा हात लागतो. ते जगात मोजक्या ठिकाणी जमते, आणि म्हणून किंमत उतरत नाही. साधी चकती विकत आणून आयनांनी घडवणे आपल्या देशात आजच शक्य आहे. अकोल्याच्या किंवा राजूरच्या दवाखान्यातली गोळी खरी की खोटी, विरघळणारी की न विरघळणारी, हे तालुक्याच्या ठिकाणी तपासता यावे असे वाटत असेल, तर यंत्राची किंमत ठरवणाऱ्या या नखाएवढ्या दगडाकडे पाहावे लागेल.

शेतीचेही तेच. बेल प्रयोगशाळेत हू आणि नस यांनी १९९५ मध्ये एका झाडाच्या पानाची टेराहर्ट्झ छायाचित्रे घेतली. एक ताजे असताना, दुसरे ४८ तासांनी. कोणत्या शिरेजवळ पाणी टिकले आणि कुठून उडून गेले ते स्पष्ट दिसत होते. पाणी या लहरी गिळते हा एरवीचा त्रास. इथे तोच मोजमापाचा आधार झाला. पान न तोडता, उभ्या झाडावर त्याची तहान मोजता येते. भंडारदऱ्याच्या पाण्यावर खाली प्रवरेकाठी जो ऊस उभा आहे, त्याला पाणी कधी हवे आणि कधी नको हे पानालाच विचारता येईल. अट एवढीच, की यंत्राचे टोक पानाला जवळजवळ चिकटून धरायचे. मधे हवेचे अंतर जितके जास्त, तितकी त्या हवेतलीच वाफ आधी मोजली जाईल.